दोन किल्ल्यांचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पितळी कुलूप आहे. जुने म्हटल्यावर लगेच कीव करू नका. माझ्या पोटात किल्लीने उचलली जाणारी सहा लिव्हर आहेत. त्यांतले एक हल्ली कुरकुर करते, बाकीची पाच ठणठणीत आहेत. स्वभावाने मी हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्याची किल्ली त्याच्यासाठीच उघडायचे, हा माझा धर्म. इतरांनी ओढले, हलवले, गोंजारले तरी मी ढिम्म.

माझा जन्म अलीगढचा. तिथल्या एका कारागिराने मला कानशीने घासले, कानाशी धरून माझी 'खट्' ऐकली आणि दोन किल्ल्या तारेत ओवून माझ्या गळ्यात अडकवल्या. पुढे मी नाशिकला आलो आणि मेन रोडवरच्या एका दुकानात खिळ्याला लटकून बसलो. शेजारी शटरची मोठमोठी कुलपे होती. ती मला बारकू म्हणत. मी ते मनाला लावून घेतले नाही. म्हणजे घेतले, पण दाखवले नाही.

१९९७ सालच्या जूनमध्ये पुंजा नावाचा एक माणूस दुकानात आला. तो सुरगाण्याकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात घरची भात-नागली करायची आणि पुढे द्राक्षांच्या बागांत मजुरीला यायचे, असे त्याचे वर्ष. बरोबर त्याची मुलगी सरिता होती. ती आठवीत गेली होती आणि गंगापूर रोडवरच्या मुलींच्या वसतिगृहात राहायला चालली होती. पुंजाने दुकानातले एकेक कुलूप लावून हिसका देऊन पाहिले. तीन तर त्याच्या हातातच सुटून आली. माझी पाळी आली तेव्हा त्याने भिंतीला पाय टेकवून मला ओढले. मी सुटलो नाही.

"ह्येच पायजे," पुंजा दुकानदाराला म्हणाला. "पोरीची पेटी हाय. तिच्याबिगर कोनी उघडाया नको."

हे माझ्या आयुष्यातले पहिले कौतुक. ते मी अजून विसरलेलो नाही.

वसतिगृहाच्या मोठ्या खोलीत पत्र्याच्या बावीस पेट्या भिंतीला ओळीने मांडलेल्या होत्या. तिथे सतरंजी बदलायची, ताट बदलायचे, आंघोळीचा नंबर बदलायचा. फक्त पेटी आपली. शाळेतून आल्यावर पेटी उघडताना मुलींचे चेहरे कसे खुलतात, ते मी रोज जवळून पाहिले आहे. सरिता माझी एक किल्ली काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. दुसरी तिच्या कंपासपेटीत, कर्कटकाखाली असायची.

पेटीत काय काय होते? खरे तर कुलपाने हे सांगू नये. पण आता सरिता स्वतःच सगळ्यांना हसत हसत सांगते, म्हणून मीही सांगतो. गणवेशाचा एक जादा जोड, मोराचे पीस, औषधाच्या पुड्या आणि एक वही. त्या वहीत ती आजीला पत्रे लिहायची. आजी बायडाबाईला वाचता येत नव्हते, त्यामुळे पत्र टपालपेटीत टाकण्यात काही अर्थ नव्हता. सुट्टीत घरी गेली की सरिता सगळी वही आजीला वाचून दाखवायची आणि आजी मध्ये मध्ये उत्तरे द्यायची. ही पत्रे आजीशिवाय कोणी ऐकायची नाहीत, असे दोघींचे ठरलेले होते.

आणि ते औषध म्हणजे आजीने केलेली तवखीर. पाऊस सरला की आजी रानातून कंद खणून आणायची, दगडावर घासायची आणि तो चोथा पाण्यात भिजत घालायची. वरचे कडू पाणी ओतून द्यायचे, नवे घालायचे, असे आठ-दहा वेळा. शेवटी तळाशी पांढरेशुभ्र पीठ उरायचे. ते उन्हात वाळवून आजी कागदाच्या इवल्या इवल्या पुड्या बांधायची. एका वेळेला एक पुडी, वर दोऱ्याची गाठ. तोंड आले किंवा पोट बिघडले की पुडी दुधात शिजवून प्यायची. पुंजा बागांकडे कामाला जाताना वाटेत पुड्यांची पिशवी सरिताला देऊन जायचा. आमच्या वसतिगृहाची आमटी अशी जाळ होती की दर आठवड्याला कोणाचे तरी तोंड आलेलेच असायचे. मग सरिता मला उघडून एक पुडी काढून द्यायची. आमच्या खोलीची ती डॉक्टरीणबाईच झाली होती, आणि मी दवाखान्याचे दार. मला त्याचा काय अभिमान होता!

वसतिगृहाच्या अधीक्षिका होत्या लंकाबाई. त्यांनी हाक मारली की ओट्यावर झोपलेले मांजरही उठून उभे राहायचे. पण दर रविवारी त्या बावीस मुलींना ओळीने बसवून डोक्याला खोबरेल तेल लावायच्या. वाटीत थेंबभर उरले तर आम्हा कुलपांनाही बोट पुसायच्या. आजवर इतक्या प्रेमाने मला कोणी पुसले नाही.

असे आमचे छान चालले होते. मग १९९९ च्या जानेवारीत शाळेत एक पाहुणे आले आणि त्यांनी पडद्यावर चित्रे दाखवून गर्द या नशेच्या भुकटीविषयी भाषण केले. माणूस तळमळीने बोलला, असे मुलींनी खोलीत येऊन सांगितले. गर्द वाईटच, त्यात दुमत नाही. पण चित्रांत एक चित्र होते पांढऱ्या भुकटीचे, आणि ती बांधलेली होती कागदाच्या इवल्या इवल्या पुड्यांत.

पहिल्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष चिमाजीराव बसले होते. द्राक्षांचे बागायतदार, मनाने लोण्याचे, पण उतावळे. मनात विचार आला की तोंडातून हुकूम निघालाच म्हणून समजा.

"लंकाबाई, उद्याच्या उद्या सगळ्या पोरींच्या पेट्या उघडून बघा," ते म्हणाले. "आन् तेवढ्यानं नाय भागलं तर सोमवारी समद्यांची लघवी तपासायला पाठवू. आपल्या संस्थेत असलं काय चालणार नाय!"

शिपाई भिमाजीमामांनी त्याच संध्याकाळी बावीस बाटल्या धुऊन कुंपणाच्या भिंतीवर उपड्या घातल्या. मुली तिकडे पाहायच्या आणि लाजेने मान खाली घालायच्या.

दुसऱ्या दिवशी पेट्यांची झडती झाली. मुलींना एका ओळीत उभे केले. भिमाजीमामा हातोडी घेऊन आले खरे, पण ते बिचारे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मुलींच्या पेट्या उघडताना आपण पाहू नये, एवढे त्यांना कोणी न सांगता कळत होते.

सरिताची पाळी आली. ती हळूच म्हणाली, "बाई, मी उघडते ना. पण सगळ्यांच्या समोर नको. तुम्ही एकट्या बघा."

"लपवायचं काय नसंल तर भ्यायचं कशाला?" लंकाबाई म्हणाल्या. "उघड."

सरिताने गळ्यातली किल्ली काढून मला उघडले. मित्रांनो, किल्ली माझीच होती, हात सरिताचाच होता, तरी ती जबरदस्ती होती. माझ्या पोटातली सहाही लिव्हर तेव्हा थरथरली. मला फार वाईट वाटले.

लंकाबाईंनी आधी वही उचलली आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "आजी, इथली आमटी लय तिखट हाय..." मुली खुदकन हसल्या. सरिताने ओढणी तोंडावर धरली. बाई पुढे वाचत गेल्या. "आजी, रविवारी बाई डोक्याला तेल लावतात तेव्हा मी डोळे मिटून घेते. त्यांची बोटं तुझ्यासारखी लागतात..."

बाई तिथेच थांबल्या. त्यांनी वही मिटली. खोलीत कोणी हसले नाही. बाईंचा चेहरा एकदम मऊ झाला होता, आणि मला वाटले, सुटलो! पण तेवढ्यात त्यांचा हात पिशवीला लागला आणि एकोणीस पुड्या बाहेर आल्या.

"हे काय?"

"आजीचं औषध."

"पुड्या बांधून? आणि पोरींना वाटतेस का काय?"

"मागतात त्यांना देते, बाई."

पोरीने एकही खोटा शब्द उच्चारला नव्हता, पण प्रत्येक खऱ्या उत्तराने ती आणखी अडकत गेली. आता लंकाबाईंचाही इलाज नव्हता. पुड्या रविवारी चिमाजीरावांसमोर ठेवायच्या ठरल्या. सुरगाण्याच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप गेला, की मुलीच्या घरच्यांनी रविवारी हजर राहावे. पुड्यांत काही निघाले तर सरिताचे नाव कमी होणार होते. ती नववीत होती. घराजवळची शाळा सातवीपर्यंतच. वसतिगृह सुटले की शाळाही सुटणार, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आणि माझे काय झाले? लंकाबाईंच्या कपाटाचे कुलूप गंजून गेले होते. पुड्या आणि वही सांभाळायची म्हणून त्यांनी सरिताकडून गळ्यातली किल्ली मागून घेतली आणि मला उचलून आपल्या कपाटाला लावले. "हेच तेवढं मजबूत आहे," त्या म्हणाल्या. कौतुक झाले, पण ते मला मुळीच गोड लागले नाही.

त्या कपाटाने मला एक गुपित सांगितले. वरच्या फळीवर, घडीच्या लुगड्यांमागे एक चपटा डबा होता. रोज सकाळी मुली अंगणात प्रार्थनेला गेल्या की बाई मला उघडायच्या, डब्यातली काळी पूड बोटावर घ्यायच्या आणि डोळे मिटून दातांना घासत बसायच्या. मिश्री! म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. तिची एकदा सवय लागली की सुटता सुटत नाही. अन् बाहेर फाटकावर पाटी होती, 'आवारात तंबाखूस सक्त मनाई.' ती पाटी बाईंनी स्वतः रंगवून घेतली होती. मला इतके हसू आले की माझी कडी हलली. पण मी कोणाला बोललो नाही. पेटी असो की कपाट, आतले आत ठेवायचे हेच माझे काम.

सरिताची मैत्रीण पल्लवी लासलगावची. तिच्या मावशीलाही मिश्रीची सवय, त्यामुळे बाईंच्या कपाटाला येणारा तो वास तिने कधीच ओळखला होता. शनिवारी दुपारी बाई भाजीला गेल्या होत्या. पल्लवी सरिताला ओढतच कपाटापाशी घेऊन आली.

"तुझ्याकडं दुसरी चावी हाय ना? उघड. डबा काढ आन् उद्या चिमाजीरावांच्या म्होरं ठेव. बाईंची बोलतीच बंद! तुझी वही पन घे."

सरिताने कंपासपेटी उघडली. कर्कटकाखालची किल्ली काढून तिने माझ्यात घातली. अहाहा! आपल्या माणसाचा हात! खरे सांगतो, मी उघडायला अगदी उतावीळ झालो होतो. अर्धा फेरा झाला. एक लिव्हर उचलले, दुसरे उचलले, आणि सरिता थांबली.

"काय झालं गं?" पल्लवीने विचारले.

"वही सगळ्यांसमोर वाचली ना, तेव्हा मला कसं झालं म्हाईत हाय?" सरिता म्हणाली. "तसं मला कोनाला करायचं नाय."

"अगं, शाळा जाईल तुझी!"

सरिताच्या डोळ्यांत पाणी आले. पण तिने किल्ली उलटी फिरवली आणि बाहेर काढली. मी इतकी वर्षे स्वतःला हट्टी समजत होतो. त्या दुपारी माझ्याहून हट्टी कोणीतरी भेटले.

बाई भाजीची पिशवी घेऊन आल्या तेव्हा सरिता दारातच उभी होती. तिने तळहात पुढे केला.

"बाई, ही दुसरी चावी. कुलूप माझं हाय, पण कपाट तुमचं. म्हणून देते."

लंकाबाईंनी किल्लीकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग वरच्या फळीच्या दिशेने. त्यांचा हात पदराला बांधलेल्या पहिल्या किल्लीकडे गेला.

"कधीपासून होती ही तुझ्याकडे?"

"पयल्यापासून."

"उघडून पाहिलंस?"

"नाय."

पिशवीतल्या मेथीच्या जुड्या बाईंनी दोनदा बाहेर काढल्या आणि दोनदा परत आत ठेवल्या.

रविवार उजाडला. पहिल्या एसटीने पुंजा आणि आजी बायडाबाई आले. आजीने टेबलावरच्या पुड्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला.

"आरं देवा! ही माझी तवखीर! हिला काय झालं?"

"हे नशेचं नाही कशावरून?" चिमाजीरावांनी विचारले.

"चूल कुठं हाय?" आजी म्हणाली. "दूध द्या. गूळ द्या. आन् गप बसा घडीभर."

आजपर्यंत चिमाजीरावांना गप बसा असे कोणी म्हटले नव्हते. ते मुकाट्याने बसले. आजीने स्वयंपाकघरात मोठे पातेले चढवले, एकोणीसच्या एकोणीस पुड्या सोडल्या, पाण्यात कालवल्या आणि उकळत्या दुधात ओतल्या. पळीने ढवळता ढवळता दूध दाटले, लकाकायला लागले. वरून आजीने गूळ घातला. वास दरवळला तशा बावीस मुली दाराशी गोळा झाल्या. पहिली वाटी आजीने स्वतः प्यायली, दुसरी सरिताला दिली आणि तिसरी चिमाजीरावांपुढे ठेवली. त्यांनी भीत भीत चमचा तोंडात घातला. मग दुसरा चमचा न भिता घातला. मग वाटीच तोंडाला लावली.

"अजून हाय का?" त्यांनी विचारले, आणि सगळे स्वयंपाकघर हसले. पुंजा तर डोळे पुसत हसत होता.

सरिताची शाळा वाचली! मी कपाटावर लटकून उघड्या दारातून हे सगळे पाहत-ऐकत होतो. नाचता आले असते तर नाचलो असतो.

पण मिशा पुसून चिमाजीराव म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, बरं झालं. पण उद्याची तपासणी व्हईलच. आन् पेट्या दर महिन्याला उघडायच्या. नियम म्हंजे नियम."

भिंतीवर बाटल्या होत्याच. मुलींचे चेहरे पुन्हा उतरले. तेव्हा लंकाबाई उठल्या, आपल्या खोलीत आल्या आणि त्यांनी मला उघडले. लुगड्यांमागचा डबा काढला आणि नेऊन चिमाजीरावांपुढे ठेवला.

"मग साहेब, पहिली तपासणी माझी करा," बाई म्हणाल्या. "ही मिश्री आहे. पंधरा वर्षांची सवय. पाटी मीच लावली आणि डबाही मीच लपवला. मी या पोरीची वही सगळ्यांसमोर वाचली. तिच्या हातात माझ्या कपाटाची चावी होती, तरी तिनं ते उघडलं नाही. आता मी कोणत्या तोंडानं यांच्या पेट्या उघडू?"

तेवढ्यात टेबलापाशी कागद चुरचुरला. भिमाजीमामांनी खिशातून विड्यांचे बंडल काढून डब्याशेजारी ठेवले होते. मागून शास्त्राचे दिनेश सर आले, त्यांनी मान खाली घालून गुटख्याची पुडी ठेवली. आता सगळे चिमाजीरावांकडे पाहायला लागले. कारण त्यांच्या बंडीच्या खिशातून तंबाखूची चंची अर्धी बाहेर डोकावत होती. चिमाजीरावांनी ती आत ढकलून पाहिली. ती आत जाईना.

"च्यायला," ते म्हणाले आणि चंची टेबलावर ठेवून स्वतःच खो खो हसत सुटले. "बावीस पोरींत काय घावलं नाय, आन् आपन चौघं रंगेहाथ!"

हसणे ओसरल्यावर नवा नियम ठरला. संशय असेल तर तो आधी त्या मुलीला सांगायचा. पेटी तिच्यासमोरच, आणि बाईंनी एकट्यानेच पाहायची. वही-पत्रे कोणी वाचायची नाहीत. काळजी वाटली तर आधी जवळ बसवून विचारायचे. लघवीची तपासणी रद्द झाली. त्या बावीस बाटल्या पल्लवीने मागून घेतल्या, पाण्याने भरल्या आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकेक लासलगावचा कांदा बसवला. पंधरा दिवसांत भिंतीवर हिरव्या पातीची ओळ डोलायला लागली. येणारे-जाणारे थांबून बघायचे.

लंकाबाईंची मिश्री काही एका दिवसात सुटली नाही. तीनदा सुटली आणि दोनदा परत आली. पण त्या कधी लपवून बसल्या नाहीत. आणि त्यांनी एक नवी रीत पाडली. कोणत्याही मुलीच्या पेटीला हात लावण्याआधी त्या झाकणावर दोन बोटांनी टकटक करायच्या आणि विचारायच्या, "उघडू का गं?"

मी परत पेटीवर आलो. दहावी झाल्यावर निघताना सरिताने मला बाईंच्या हातात ठेवले. "तुमच्या कपाटाला ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. बाईंनी एक किल्ली ठेवून घेतली आणि दुसरी तिच्या मुठीत परत दाबली.

पुढे बाई निवृत्त झाल्या. पंचवटीतल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी मीही आलो. तिथे माझ्या वाट्याला जरा दुर्लक्ष आले. बाईंना दिसेनासे झाले, गुडघे दुखू लागले. तेलाची वाटी कुठे गेली कोण जाणे. माझ्यावर हिरवट थर चढला आणि ते एक लिव्हर कुरकुरू लागले.

आज सकाळी, २००८ च्या थंडीतल्या रविवारी, सरिता आली. आता ती पेठकडच्या एका शाळेत शिक्षिका आहे. बाई खाटेवर बसल्या होत्या.

"थंडी वाजतेय गं. कपाटातली शाल दे बरं," त्या म्हणाल्या.

सरिताने गळ्यातला काळा दोरा बाहेर काढला. तोच दोरा, तीच किल्ली! ती माझ्यासमोर आली आणि उघडण्याआधी तिने कपाटावर दोन बोटांनी टकटक केली.

"बाई, उघडू का?"

"अगं वेडे, चावी तर तुझ्याच हातात आहे!"

"म्हणून तर विचारते," सरिता म्हणाली.

बाई हसल्या. हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "उघड, बाळा."

मी इतक्या आनंदाने उघडलो की कुरकुरणारे लिव्हरसुद्धा एका फटक्यात उचलले गेले. मित्रांनो, तुम्हीही उद्या मोठे व्हाल. कोणाच्या ना कोणाच्या पेटीची किल्ली तुमच्या हातात येईलच. तेव्हा आधी दोन बोटांनी टकटक करा आणि विचारा. आणि घरात माझ्यासारखे एखादे जुने कुलूप असेल तर रविवारी डोक्याला लावून झाल्यावर वाटीत उरलेला तेलाचा एक थेंब त्यालाही द्या. मला तो आताच सरिताच्या बोटावरून मिळाला आहे.